फ्लॉपीची रुजुवात

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ अभियानाची घोषणा झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन करण्याचा संकल्प देशापुढे आला. त्याच वर्षी आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी मोडी मजकुराचे देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली जाहीर केली. तिच्यासाठी मोडी कागदांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा आणि तज्ज्ञांनी तपासलेली त्यांची देवनागरी वाचने असा संच सिद्ध करण्यात आला आहे. दोन्ही वार्ता स्वागतार्ह आहेत. मोडी वाचणारे हात कमी आणि न वाचलेली दप्तरे अफाट, अशा स्थितीत यंत्राची मदत नाकारण्याचे कारण नाही.

तथापि अशा वार्तांमध्ये यश मोजण्याचे माप सहसा एकच असते: किती पाने ‘डिजिटल’ झाली. प्रतिमा घेतली, साठवली, आकडा वाढला. साठवलेले पुन्हा वाचून कोणी पाहिले, कोणत्या यंत्रावर पाहिले आणि पाच वर्षांनी ते पुन्हा कोण पाहणार, हे प्रश्न त्या मापात बसत नाहीत. मराठीत या कामाला जुना, नेमका शब्द आहे: रुजुवात. लिहिलेला हिशेब मूळ नोंदीशी ताडून पाहणे म्हणजे रुजुवात. या शब्दाचा अर्थ आजच्या संगणकयुगात समजून घ्यायचा, तर अडगळीत गेलेल्या एका वस्तूकडे पाहणे सोयीचे ठरते. ती वस्तू म्हणजे फ्लॉपी. आणि लिनक्सवर ती फॉरमॅट करून तपासण्याची पद्धत हा त्यातला धडा.

प्रथम ज्या कागदांसाठी हे सारे चालले आहे, त्यांच्याविषयी. तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु लागते. तेथे दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपली प्रिय सहचरी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ छत्र बांधले. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र, पण तेवढेच नव्हे. १८०१ मध्ये सरफोजीराजांनी ब्रिटिश रेसिडेंटास जे पत्र लिहिले, त्यात रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांमधून जातिभेद न करता वाटसरूंना मिळणारे अन्न, विद्यार्थ्यांचे शिक्षण, आजाऱ्यांना औषधोपचार आणि अनाथ मुलांचा सांभाळ यांचे वर्णन आहे, आणि राज्यकारभार कंपनीकडे गेला तरी छत्रे आपल्या हाती राहावीत ही विनवणीही आहे. अशा संस्थेला खर्च लागतो, खर्चाला हिशेब लागतो, आणि तंजावरच्या मराठी दरबाराचे हिशेब मोडीत लिहिले जात. हे मोडी कागद आज मुख्यतः तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने त्यांपैकी काहींचे तमिळ भाषांतरही प्रसिद्ध केले. कावेरीच्या खोऱ्यातील दमट उष्म्यात, कसर आणि बुरशी यांच्याशी झुंजत हा कागद दोनशे वर्षे टिकला. त्याला वीज लागली नाही, ड्रायव्हर लागला नाही. वाचणारा मात्र लागतो. तंजावरचे मराठे तमिळ मुलखात राहिले, महाराष्ट्रातही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून हटली, आणि अक्षर शाबूत असूनही मुके झाले. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले, ही त्या मुकेपणावरची एक उशिराची उपाययोजना होय.

फ्लॉपीची कथा नेमकी उलटी आहे. तिच्यावरची लिपी सर्वांना ठाऊक, पण वाचणारे यंत्रच नाहीसे होत चालले आहे. सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. फ्लॉपीवरच माहिती सादर करण्याची सक्ती करणाऱ्या शासकीय नियमांची छाटणी जपानने अगदी अलीकडे, २०२४ मध्ये पूर्ण केली. आणि १९९० च्या दशकात मराठी पुस्तके, दिवाळी अंक, प्रबंध यांचा अक्षरजुळणीपासून छापखान्यापर्यंतचा प्रवास बहुधा फ्लॉपीवरूनच होई. त्या काळातील किती मजकुराची आज छापील प्रत सोडून दुसरी प्रत उरली आहे, हा विचार प्रत्येक जुन्या प्रकाशकाने, लेखकाने आणि महाविद्यालयाने आपापल्या कपाटापाशी उभे राहून करावा.

आता फॉरमॅट करणे म्हणजे काय ते पाहू. या एका शब्दाखाली दोन निराळ्या क्रिया दडलेल्या आहेत आणि बराचसा गोंधळ तेथूनच उपजतो. कोऱ्या फ्लॉपीवर लोहाच्या ऑक्साइडचा चुंबकीय लेप असतो, बाकी काही नसते. पहिली क्रिया त्या लेपावर पत्ते आखण्याची. साडेतीन इंची, नेहमीच्या फ्लॉपीवर प्रत्येक बाजूस ८० वर्तुळाकार ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. यंत्र प्रत्येक सेक्टरच्या आरंभी त्याचा पत्ता लिहिते आणि पत्त्यामागे व मजकुरामागे सोळा बिटांची एकेक तपासणी-संख्या ठेवते. मोडी लिहिणारा कारकून आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढून घेई आणि मग अक्षरे तिच्याखाली लिहीत जाई. त्यातलाच हा प्रकार. रेघ नाही तर ओळ नाही. दुसरी क्रिया त्यानंतरची: कोणती फाइल कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका मांडण्याची.

डॉसमध्ये एकच आज्ञा ही दोन्ही कामे उरकत असे, त्यामुळे वापरणाऱ्याला त्यांतील भेद कधी दिसलाच नाही. लिनक्सवर त्या स्वतंत्र आहेत. ‘एफडीफॉरमॅट’ ही आज्ञा रेघा आखते. ‘एमकेएफएस’ कुळातील आज्ञा अनुक्रमणिका मांडते, मग ती डॉसच्या पद्धतीची असो वा लिनक्सच्या स्वतःच्या. डॉसच्या पद्धतीत २८८० सेक्टरांपैकी एक आरंभासाठी, १८ वाटपाच्या तक्त्याच्या दोन प्रतींसाठी आणि १४ मूळ यादीसाठी खर्ची पडतात. उरतात २८४७ सेक्टर, म्हणजे १४,५७,६६४ बाइट. वेष्टनावर मात्र ‘१.४४ मेगाबाइट’ छापलेले असे, जो आकडा एकूण बाइटांना आधी १०२४ ने आणि मग एक हजाराने भागण्याचे नाटक केल्यावाचून येत नाही. दशमान पद्धतीने तो १.४७ होतो, द्विमान पद्धतीने १.४१. एकाच आकड्यात दोन मापे मिसळणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत गुण मिळत नाहीत. उद्योगाला मात्र ते वीस वर्षे खपले.

या तपशिलात खरे महत्त्वाचे आहे ते ‘एफडीफॉरमॅट’चे दुसरे पाऊल. रेघा आखून झाल्या की ती आज्ञा थांबत नाही. सर्व ट्रॅक पुन्हा वाचून पाहते. लिहिणे आणि पडताळणे अशा दोन स्वतंत्र ओळी पडद्यावर उमटतात. चकती मिनिटाला ३०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीस एक पंचमांश सेकंद. दोन्ही बाजूंचे मिळून १६० ट्रॅक लिहिण्यास निदान अर्धे मिनिट आणि वाचून पाहण्यास निदान तेवढेच. पडताळणी काम जवळपास दुप्पट करते. म्हणूनच ती वगळण्याची सोयही त्या आज्ञेत ठेवलेली आहे, आणि घाईत असणारा मनुष्य ती सोय वापरतो. कोणत्याही मोठ्या जतनप्रकल्पाचे अंदाजपत्रक आखताना नेमके हेच घडण्याचा धोका असतो.

पण ही पडताळणी तरी कितपत भरवशाची? इथे भौतिकी आडवी येते. फ्लॉपीवरील ट्रॅक अत्यंत दाटीने आखलेले असतात. एका इंचात १३५. एखाद्या यंत्राचे शीर्ष मूळ जागेपासून थोडे सरकलेले असेल, तर ते ट्रॅक थोडे बाजूला आखेल आणि वाचतानाही तितकेच बाजूला जाऊन वाचेल. त्याला सर्व काही उत्तम दिसेल. तीच फ्लॉपी दुसऱ्या, निर्दोष यंत्रात घातली की वाचता येणार नाही. फ्लॉपी वापरलेल्या पिढीला हा अनुभव नवा नाही: घरच्या संगणकावर उघडणारी फ्लॉपी महाविद्यालयात उघडत नसे आणि दोष फ्लॉपीला दिला जाई. लिहिणाऱ्याने आपलेच लिखाण आपल्याच डोळ्यांनी तपासले, एवढाच त्या पडताळणीचा अर्थ. ती खोटी नसते, अपुरी असते. खरी रुजुवात दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या दिवशी, शक्य तर दुसऱ्या माणसाकडून व्हावी लागते.

तपासणीच्या पातळ्याही वेगवेगळ्या आहेत आणि एकीने दुसरीची जागा घेता येत नाही. ‘बॅडब्लॉक्स’ ही आज्ञा पृष्ठभाग तपासते: प्रत्येक खंड वाचता येतो की नाही. तिला लिहून तपासण्यास सांगितले, तर ती चार ठरावीक नमुने सर्वत्र लिहून परत वाचते. ही परीक्षा कडक आहे, पण फ्लॉपीवर आधी असलेले सर्व काही तीत नष्ट होते. ‘एफएसके’ कुळातील आज्ञा अनुक्रमणिकेची सुसंगती पाहते: वाटपाच्या तक्त्याच्या दोन प्रती जुळतात का, एकच जागा दोन फाइलींच्या नावे लागलेली नाही ना. तिच्या दृष्टीने निर्दोष असलेल्या फ्लॉपीवरील लेखाचा अर्धा भाग कचरा असू शकतो, कारण लेखाच्या आत काय आहे हे ती पाहतच नाही. आणि सेक्टरमागची सोळा बिटांची संख्या केवळ त्या सेक्टरापुरती बोलते. चुकीची फाइल जर नीट लिहिली गेली असेल, तर ती नीट लिहिली गेली आहे एवढेच ती सांगेल. मजकूर तोच आहे याची साक्ष केवळ तिसऱ्या पातळीवर मिळते: संपूर्ण प्रतीची एक स्वतंत्र, लांब तपासणी-संख्या काढून ती दुसरीकडे जपून ठेवावी आणि ठरावीक काळाने पुन्हा काढून ताडावी. आज सर्वत्र वापरात असलेली २५६ बिटांची ‘एसएचए’ पद्धत या कामास पुरेशी आहे, आणि तिला शुल्क पडत नाही.

जुन्या, मजकूर असलेल्या फ्लॉपीच्या बाबतीत क्रम मात्र उलटा. तिला फॉरमॅट करायचे नसते, दुरुस्तही करायचे नसते. प्रथम केवळ वाचायचे असते. चुंबकत्व आपोआप विरून माहिती जाते ही समजूत लोकप्रिय आहे, परंतु प्रत्यक्षात घात होतो तो बहुधा लेपाला धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याचा: दमट हवेत ते मऊ होते, सुटते, त्यावर बुरशी वाढते. कोकणात, कावेरीच्या खोऱ्यात, कोठेही जेथे पावसाळा भिंतींतून आत येतो, तेथे फ्लॉपीची घडी उघडण्याआधी चकती डोळ्यांनी पाहावी. बुरशी लागलेली एक चकती वाचक शीर्षाला मळवते आणि मग तेच शीर्ष पुढच्या चांगल्या चकतीला ओरखडते. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील खिडकी उघडी असली की लेखनबंदी लागू होते; सव्वापाच इंची फ्लॉपीत याच्या अगदी विरुद्ध, खाच चिकटपट्टीने झाकावी लागते. ही बंदी घालूनच फ्लॉपी यंत्रात जावी. विंडोजने ‘ही चकती फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?’ असे विचारले आणि समोरच्याने सवयीने होकार दिला, अशा एका क्षणात जाणारा मजकूर बुरशीने खाल्लेल्या मजकुरापेक्षा कमी महत्त्वाचा नसतो.

लिनक्सवर यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचे मुक्त साधन आहे. ते आधी जे सहज वाचता येते ते उचलून घेते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि नंतर त्याच जागांकडे पुन्हा पुन्हा वळते. अनुभवी दप्तरवाचक फाटक्या कागदाचे हेच करतो: लागते ते आधी उतरवून घ्यायचे, अडलेल्या शब्दाशी मग झटायचे. मिळालेल्या प्रतिमेची तपासणी-संख्या काढावी, मूळ फ्लॉपी बाजूला ठेवावी आणि अनुक्रमणिकेची तपासणी वा दुरुस्ती या प्रतिमेच्याही दुसऱ्या प्रतीवर करावी. एवढे करूनही मराठी वाचकाचा प्रवास संपत नाही. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही प्रमाण संकेतपद्धती १९९१ मध्ये निश्चित झाली होती, तरी श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टांचे आपापले संकेत होते. फ्लॉपी उघडते, फाइल उघडते आणि पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. कोणत्या फॉन्टात लिहिले होते हे फ्लॉपीवरच्या चिठ्ठीवर कोणी लिहून ठेवले असेल, तर तो मनुष्य खरा दप्तरदार.

हे काम करणार कोण, याचे उत्तर महानगरांतच शोधण्याचे कारण नाही. तमिळनाडू सरकारने २०११ पासून शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांना जे लॅपटॉप वाटले, त्यांवर विंडोजच्या जोडीला चेन्नईच्या सी-डॅकने विकसित केलेले ‘बॉस’ लिनक्सही देण्यात आले होते. म्हणजे ओरत्तनाडुसारख्या गावातील मुलांच्या हाती लिनक्स पोहोचण्याची वाट पंधरा वर्षांपूर्वीच उघडली. अडचण यंत्राची आहे. लॅपटॉपला फ्लॉपीची खाच नसते. यूएसबीने जोडायचे फ्लॉपीयंत्र घ्यावे लागते, आणि ‘एफडीफॉरमॅट’ची पुस्तिका स्पष्टच सांगते की यूएसबी यंत्रांवर ती आज्ञा चालत नाही, त्यांच्यासाठी ‘यूएफआयफॉरमॅट’ वापरावी. वाचण्यापुरते यूएसबी यंत्र ठीक, मात्र साडेतीन इंची फ्लॉपीच्या नेहमीच्या प्रकारांपलीकडे त्याची मजल जात नाही. सव्वापाच इंची चकत्यांसाठी जुने यंत्र आणि ‘ग्रीसविझल’सारखे मुक्त आराखड्याचे परिपथ-पत्र लागते, जे चुंबकीय बदल कच्च्या रूपात टिपते आणि अर्थ लावण्याचे काम संगणकावर सोपवते.

वेळही फार नाही. जुलै २०१९ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या गाभ्यातील फ्लॉपी ड्रायव्हर ‘अनाथ’ असल्याची नोंद केली. प्रत्यक्ष चालणारी यंत्रे मिळेनाशी झाली आहेत, हे त्यामागचे कारण. नंतर त्याला सांभाळणारा मिळाला, आणि तो ड्रायव्हर आजही प्रामुख्याने आभासी संगणकांतील आभासी फ्लॉपीसाठी उपयोगी पडतो. विसरलेले टिकून राहते तेव्हा काय होते, याचा एक मासला याच आभासी फ्लॉपीने २०१५ मध्ये दाखवला: क्यूईएमयू या प्रणालीतील आभासी फ्लॉपी-नियंत्रकात ‘व्हेनम’ नावाने प्रसिद्ध झालेली सुरक्षेतील भेग सापडली, जी ११ वर्षे कोणाच्या लक्षातच आली नव्हती. कोणी वापरत नाही म्हणून कोणी तपासत नाही. आणि कोणी तपासले नाही म्हणून ती सुरक्षितही नव्हती.

यावर आक्षेप ठरलेला आहे. फ्लॉपीचा जमाना गेला. आता प्रतिमा मोठ्या माहितीकेंद्रांत राहतात, तेथे एका प्रतीच्या तीन प्रती आपोआप होतात, बिघडलेला बिट आपोआप दुरुस्त होतो. आक्षेपात तथ्य आहे. चांगले माहितीकेंद्र साठवलेल्या बिटांची काळजी फ्लॉपीपेक्षा कितीतरी अधिक घेते. पण ते स्वतःकडे आलेल्या बिटांची काळजी घेते. पान उलटताना दोन पाने एकदम उलटली गेली, समासातील शेरा चौकटीबाहेर राहिला, एका बाडाची प्रतिमा दुसऱ्या बाडाच्या क्रमांकाने नोंदली गेली, तर ती चूक तीन प्रतींत, बिनचूक, जपली जाईल. सरकलेल्या शीर्षाची फ्लॉपी आणि चुकीच्या क्रमांकाचे बाड यांत तत्त्वतः फरक नाही: दोन्हींत लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. आणि त्या चुकीच्या वाचनावर उद्या लिप्यंतराची प्रणाली शिकवली गेली, तर तिची चूक कोठून आली हे शोधणे आणखी कठीण.

म्हणून ‘ज्ञान भारतम्’सारख्या अभियानाच्या प्रत्येक करारात पडताळणीचे कलम स्वतंत्र असावे, तिचा निधी स्वतंत्र असावा आणि ती प्रतिमा घेणाऱ्या संस्थेकडे नसावी. प्रत्येक बाडामागे काही पाने कोणतीही निवड न करता उचलून दुसऱ्या संस्थेने मूळ कागदाशी ताडावीत. तपासणी-संख्यांची यादी प्रतिमांपासून वेगळ्या ठिकाणी, आणि सार्वजनिक असावी, म्हणजे कोणताही अभ्यासक आपल्याकडील प्रत स्वतः तपासू शकेल. दरवर्षी एक ठरावीक भाग परत वाचला जावा आणि त्याचा निकाल, चुकांसह, प्रसिद्ध व्हावा. ‘किती पाने झाली’ या आकड्याशेजारी ‘किती पानांची रुजुवात झाली’ हा आकडा छापला गेला, तर पहिला आकडा आज दिसतो तितका फुगलेला दिसणार नाही. तशी तयारी हवी. खर्च वाढेल आणि वेगही कमी होईल, हे मान्य करूनच ही मागणी करावी लागते.

तंजावरच्या मोडी दप्तराबाबत ही मागणी अजून वेळेवर आहे, कारण मूळ कागद शाबूत आहे आणि चूक सापडली तर त्याच्याकडे परत जाता येते. नव्वदच्या दशकातील मराठी फ्लॉप्यांना असा मूळ कागद पुष्कळदा नसतो. हस्तलिखित रद्दीत गेलेले असते आणि जे काही उरले आहे ते त्या चकतीवरच असते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी आणि साहित्यसंस्थांनी त्या पेट्या मागवून घ्याव्यात, दोन वेगवेगळी चालू यंत्रे जमवावीत, आणि पहिली प्रत घेऊन होईपर्यंत फॉरमॅट व दुरुस्ती या दोन्ही आज्ञांना हात लावू नये.